जुन्या स्टिरिओला ऑक्स : चेंजरच्या जागी बसणारी डबी, आठ महिन्यांनंतर

माझी गाडी २००१ची, आणि स्टिरिओ तिच्यासोबतच आलेला. रेडिओ, कॅसेट आणि डिकीतल्या सीडी चेंजरसाठी (अनेक सीडी भरून ठेवायची पेटी) एक बटण. चेंजर कधी बसवलाच नव्हता, त्यामुळे ते बटण दाबलं तरी काही होत नसे. स्टिरिओ बदलून टाक, असं सगळ्यांनी सुचवलं. पण याचा आवाजाचा गोल खटका रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडतो आणि स्पीकर अजून ठणठणीत आहेत. मला फक्त फोनमधलं गाणं त्यात घालायचं होतं, म्हणजे ऑक्स हवा होता, बाहेरचा आवाज वायरने स्टिरिओत घालायची सोय.

मी गाडीत बहुतेक ख्याल ऐकते. तानपुरा नीट ऐकू आला तर पुढचं सगळं नीट, ही माझी कसोटी. आधी एफएम ट्रान्समीटर घेतला, फोनमधलं गाणं रेडिओच्या फ्रीक्वेन्सीवर सोडणारं छोटं यंत्र. शहरातून बाहेर पडलं की त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसरं स्टेशन चढायचं आणि आलाप चालू असताना मध्येच जाहिरात घुसायची. स्टेशन नसेल तेव्हाही मागे बारीक खरखर असायचीच, आणि तानपुऱ्याचा विरत जाणारा नाद त्या खरखरीत बुडून जायचा. महिनाभरात तो काढून ठेवला.

मग कॅसेट अडॅप्टर आणला. वायर लोंबणारी ती कॅसेट. तिच्यात टेप नसते. टेपच्या जागी एक छोटं हेड असतं आणि ते स्टिरिओच्या हेडला चुंबकीय रीतीने आवाज देतं. ट्रान्समीटरपेक्षा हा कितीतरी बरा. पण आतली चाकं फिरत राहतात, त्यांची कुरकुर शांत जागी ऐकू येते. शिवाय माझ्या डेकला ऑटो-रिव्हर्स आहे. टेप संपली असं समजून तो मधूनच बाजू बदलायचा आणि आवाज एकदम दबका व्हायचा. तरीही ज्यांच्या स्टिरिओला मागे चेंजरची जागाच नाही आणि सोल्डरिंग करायचं नाही, त्यांना मी आजही हाच घ्या म्हणेन.

आता डबीबद्दल. तिला चेंजर एम्युलेटर म्हणतात. माझ्या स्टिरिओच्या मागे पिवळा, हिरवा आणि निळा असे तीन छोटे कनेक्टर शेजारी शेजारी आहेत. त्यातला निळा चेंजरचा. त्यात डाव्या-उजव्या आवाजाच्या पिना आहेत, मग नुसती वायर जोडून का भागत नाही, असं मलाही वाटलं होतं. मी तसं करूनही पाहिलं. बटण दाबल्यावर स्टिरिओ पुन्हा रेडिओवर गेला. कारण स्टिरिओ डेटाच्या पिनांवरून आधी विचारतो, ‘चेंजर आहे का?’ उत्तर आलं नाही तर तो आवाजाची वाट उघडतच नाही. ही डबी ते उत्तर देत राहते. सीडी चालू आहे असं समजून स्टिरिओ वाट उघडतो आणि त्या वाटेने तुमचा फोन वाजतो. काही स्टिरिओ नुसत्या वायरवरही चालतात, माझा त्यातला नाही.

बसवायला दीड तास लागला. त्यातला एक तास वायर कुठून न्यायची यातच गेला. सुरुवात करण्याआधी स्टिरिओचा सुरक्षा कोड हाताशी असू द्या. बॅटरीची वायर काढली की असे बरेच जुने स्टिरिओ कुलूपबंद होतात आणि कोड मागतात. मग बॅटरीची ऋण बाजू सोडवायची, स्टिरिओ काढायच्या चपट्या चाव्या दोन्ही कडांना घालायच्या आणि स्टिरिओ सरळ ओढायचा. डबी फोमच्या तुकड्यात गुंडाळा, नाहीतर खड्ड्यात खडखडते. वायर हीटरच्या दांड्यांपासून आणि स्टिअरिंगच्या कण्यापासून लांब बांधा. माझी वायर ग्लव्ह बॉक्समध्ये निघते.

पहिल्यांदा लावलं तेव्हा इंजिन बंद होतं. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. खर्जाच्या तारेनंतरची शांतता खरोखर शांत होती. मी गाडी जागची न हलवता अख्खा विलंबित ऐकला. फोनचा आवाज पूर्णच्या जरा खाली ठेवा आणि बाकीचं स्टिरिओवर वाढवा. फोन कमी ठेवून स्टिरिओ वाढवलात तर सुरसुर वाढते, आणि चुकून रेडिओ लागला तर कान फाटतात.

दुसऱ्या दिवशी फोन चार्जरला लावला आणि एक शीळ सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज. चार्जर आणि ऑक्स या दोन वाटांनी फोनचं अर्थिंग गाडीला जोडलं जातं, आणि त्या दोन जागांमधला किंचित विद्युतदाबाचा फरक गाण्यात मिसळतो. चार्जर काढला की शीळ गायब. पाकिटातल्या कागदावर याबद्दल एक शब्दही नाही, आणि हे मला खटकलं, कारण प्रवासात फोन चार्जिंगला बहुतेक जण लावतात. उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो पण अर्थिंगची जोडणी तुटते. शीळ गेली, खर्ज मात्र किंचित पातळ झाला. म्हणून लांबच्या प्रवासात मी आधीच फोन भरून घेते आणि आयसोलेटर काढून ऐकते.

आणखी दोन तक्रारी. स्टिरिओच्या बटणांनी गाणं पुढे-मागे होत नाही, पडद्यावर कायम पहिली सीडी, पहिलं गाणं. आणि सोबत आलेली लोंबती सॉकेट चार महिन्यांत ढिली झाली, डावी बाजू येईना-जाईना. मी पॅनेलला नटने आवळता येणारी ३.५ मिमीची सॉकेट बसवली, तेव्हापासून त्रास नाही. हे पहिल्याच दिवशी करून टाका.

फोनला जॅक नसेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर या सॉकेटमध्ये चालतो. फक्त तो स्वतःच्या बॅटरीवर चालवा. गाडीच्या चार्जरवर लावला की तीच शीळ परत येऊ शकते.

मागवण्याआधी स्टिरिओ एकदा बाहेर काढा, मागच्या कनेक्टरांचा आणि वरच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा फोटो घ्या आणि त्यावरूनच डबी निवडा. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या स्टिरिओंनाही वेगवेगळी डबी लागू शकते. मी आधी गाडीच्या नावावरून मागवली होती, ती परत पाठवावी लागली.