गोव्यातल्या छोट्या धंद्याने सल्लागार घ्यावा का? सल्लासेवेचे परीक्षण

फोंड्यातली बेकरी, म्हापशातली खानावळ, पेडण्यातले आठ खोल्यांचे गेस्ट हाऊस, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला दहा कामगारांचा कारखाना. या सगळ्यांना ‘कन्सल्टंट’ या एकाच नावाखाली पाच वेगवेगळ्या सेवा विकल्या जातात: परवाने काढून देणे, कर्जासाठी प्रकल्प अहवाल लिहिणे, जाहिरात, ऑनलाइन बुकिंग सांभाळणे, आणि खर्च-साठा-कामाची घडी बसवून देणे. यातली शेवटची सेवा नीट घेतली तर पैसे वसूल होतात. बाकीच्यांपैकी काही फुकट मिळतात, काही अर्ध्या किमतीत, आणि काहींमध्ये धंद्याच्या चाव्या दुसऱ्याच्या हातात जाण्याचा धोका असतो. म्हणून ‘सल्लागार घ्यावा का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आधी आपल्याला नेमके काय विकले जात आहे ते ओळखावे लागते.

परवान्यांची सेवा लवकर उरकू. उद्यम नोंदणीला (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीला) सरकारी शुल्क शून्य आहे. आधार आणि पॅन लागते, कागद अपलोड करावे लागत नाहीत, घरच्या मोबाइलवर अर्ध्या तासात काम होते. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. सरकारी पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट या कामाचे पैसे मागतात, म्हणून पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो का ते पाहूनच पुढे जावे. धावपळ वाचवण्याची मजुरी म्हणून कुणाला पैसे दिले तर हरकत नाही, पण तो सल्ला नव्हे. आणखी एक गोष्ट अनेक दुकानदारांना चुकीची सांगितली जाते. उद्यम नोंदणी असली की गिऱ्हाइकाने 45 दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत, असे म्हणतात. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. 45 दिवसांचा नियम त्याला लागू होत नाही. हा फरक ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून दुसरा कसलाही सल्ला घेऊ नये.

प्रकल्प अहवालाचे दुखणे गोव्यात विशेष आहे, कारण इथे वर्ष दोन तुकड्यांत चालते. समजा किनाऱ्याजवळच्या एका रेस्टॉरंटची विक्री नोव्हेंबर ते मार्च महिन्याला 9 लाख, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 6 लाख, आणि जून ते सप्टेंबर 3 लाख आहे. पाच महिन्यांचे 45, तीन महिन्यांचे 18, चार महिन्यांचे 12, असे वर्षाचे 75 लाख होतात. डिसेंबरचा आकडा बाराने गुणणारा अहवाल 1 कोटी 8 लाख दाखवतो. कर्ज मंजूरही होईल, पण जुलैत हप्ता भरायला गल्ला पुरणार नाही. भाडे, वीज जोडणीचे स्थिर शुल्क, स्वयंपाक्याचा पगार हे पावसाळ्यातही थांबत नाहीत. त्यामुळे अहवाल हातात आला की पहिल्यांदा महिनावार रोख आवक-जावकीचे पान शोधावे. ते नसेल तर अहवाल परत करावा. असेल तर त्याच पानाच्या आधारे पावसाळ्यात हप्ता कमी आणि हंगामात जास्त ठेवण्याबद्दल बँकेशी आधीच बोलता येते. आणि अहवालातला प्रत्येक आकडा मालकाला स्वतःला समजावून सांगता आला पाहिजे, कारण बँकेतला अधिकारी प्रश्न मालकाला विचारतो, लिहिणाऱ्याला नाही. अहवाल लिहून घेण्याआधी पणजीत उद्योग संचालनालयात आणि ईडीसीत (गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळात) एक चक्कर मारावी. कोणती योजना सध्या चालू आहे आणि ती आपल्याला लागू होते का, हे तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता ज्या सेवेसाठी पैसे मोजावेत तिच्याकडे येऊ. खर्चाची घडी बसवणारा जाणकार माणूस काय करतो, ते एका ताटावरून दाखवता येईल. फिश थाळीत इसवणाचा (सुरमईचा) तळलेला तुकडा आहे, वजन 90 ग्रॅम. बाजारात त्या दिवशी भाव 800 रुपये किलो. बहुतेक ठिकाणी हिशेब असा होतो: 800 गुणिले 0.09, म्हणजे तुकडा 72 रुपयांना पडला. पण 800 रुपये अख्ख्या मासळीचे असतात. डोके, शेपूट, पोटातला भाग काढल्यावर किलोमागे 650 ग्रॅम तुकडे उरले, तर वापरायच्या मासळीचा खरा भाव 1,231 रुपये किलो झाला आणि तोच तुकडा 111 रुपयांना पडला. ताटामागे 39 रुपयांचा फरक. दिवसाला 60 थाळ्या जात असतील तर रोजचे 2,340 रुपये, 26 दिवसांचे 60 हजारांहून जास्त. डोक्याचे तिखले करून विकले तर त्यातले थोडे परत येतात, तेही मोजायचे. हा पैसा चोरीला जात नाही, तो हिशेबातच धरलेला नसतो. मालक म्हणतो ‘गर्दी आहे, पण हातात काही राहत नाही’, त्याचे कारण बहुतेक वेळा असेच एखाद्या पदार्थात सापडते.

चांगला सल्लागार इथे थांबत नाही. तो आठवडाभर सकाळी मासळी आल्यावर आणि साफ झाल्यावर, दोन्ही वेळी वजन करायला लावतो, कारण 650 हा आकडा मासळीचा आकार आणि कापणाऱ्याचा हात यांनुसार बदलतो. मग तुकड्याचे वजन ठरवतो, काट्याशेजारी नमुना ठेवतो, आणि भाव अमुक रकमेच्या वर गेला की थाळीत इसवणाऐवजी बांगडा किंवा लेपो द्यायचा, असा नियम लिहून देतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत वर्षभराच्या छापील दराने थाळी विकणे किती महाग पडते, ते या हिशेबात लगेच दिसते. हेच तंत्र बेकरीत मैदा आणि वाया गेलेल्या पावाला, काजूच्या कारखान्यात तुकडा आणि अख्खा गर यांच्या प्रमाणाला, वर्कशॉपमध्ये कापून उरलेल्या पत्र्याला लागू पडते. वजन, उरलेला माल, खरा भाव. यात गूढ काही नाही, पण रोजच्या धबडग्यात मालकाला हे करायला दोन तास मिळत नाहीत, आणि म्हणूनच बाहेरचा माणूस कामाला येतो.

फी परवडते का, याचा हिशेब करताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली जीएसटीची. सल्लागाराच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. 60 हजारांची फी 70,800 होते. कारखाना नियमित पद्धतीने कर भरत असेल तर हे 10,800 इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात. पण कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या) दुकानदाराला, 5 टक्के दराने कर लावणाऱ्या रेस्टॉरंटला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के लावणाऱ्या हॉटेललाही हे क्रेडिट मिळत नाही. त्यांना फी 70,800 च समजावी. दुसरी चूक वसुलीच्या मोजमापाची. खर्च कमी करून 70,800 वाचले तर ते सरळ खिशात येतात. पण ‘विक्री वाढवून देतो’ म्हणणाऱ्याची फी वसूल व्हायला, कच्चा माल वजा जाता रुपयामागे 35 पैसे उरत असतील तर 2 लाख 2 हजारांहून जास्त जादा विक्री व्हावी लागते. जाहिरातीचा खर्च त्याच्यावर वेगळा. म्हणून खर्चाचा सल्ला आणि विक्रीचा सल्ला यांची फी सारखी दिसली तरी ती एकाच तराजूत घालू नये.

टीडीएसचेही, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचेही, लक्षात ठेवावे. मागच्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असलेल्या एकट्या मालकाच्या धंद्याला, वर्षात फी 50 हजारांच्या पुढे गेली तर व्यावसायिक सेवेला 10 टक्के, तांत्रिक सेवेला 2 टक्के कापून सरकारजमा करावे लागतात. कापायचे ते जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर, बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर. वरच्या उदाहरणात दर 10 टक्के असेल तर 6,000 कापून 64,800 द्यायचे. हे स्वतःहून न सांगणारा सल्लागार हिशेबाचा माणूस नसावा.

सल्लागाराला बोलावण्याआधी घरचा अभ्यास हवा. बारा महिन्यांची महिनावार विक्री (तीन महिन्यांची नव्हे, कारण हंगामाने चित्र बिघडते), खरेदीची बिले, वीजबिले, पगारपत्रक, महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोजलेला साठा, आणि सर्वांत जास्त खपणाऱ्या वीस वस्तूंत कोणता कच्चा माल किती पडतो ते प्रमाण वजनासकट. याला दोन ते तीन आठवडे लागतात. हे तयार नसेल तर सल्लागाराचा पहिला महिना कागद गोळा करण्यातच जातो आणि त्याची फी मात्र पूर्ण लागते. हे जमवता जमवता उत्तर मालकालाच सापडते, असेही खूपदा होते. तसे झाले तर पैसे वाचले.

वेळही साधावी लागते. पर्यटनावर चालणाऱ्या धंद्यात डिसेंबरमध्ये सल्लागार आणणे व्यर्थ. कुणालाही त्याच्याशी बोलायला उसंत नसते आणि सुचवलेला बदल भर गर्दीत कुणी करत नाही. जून ते ऑगस्ट योग्य. मिठाई, किराणा, कपडे, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचे) सामान विकणाऱ्यांसाठी मात्र तोच काळ चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीचा असतो. त्यांनी चवथ उरकल्यावर पाहावे.

करार एका पानाचा पुरतो, पण तो हवाच. ‘धंदा वाढवण्यासाठी मार्गदर्शन’ असे लिहिलेले पान निरुपयोगी. ‘वीस पदार्थांचा खरा खर्च काढणे, वाया जाणारा माल मोजण्याची पद्धत बसवणे, दोन कामगारांना ती शिकवणे, मुदत दहा आठवडे’ असे हवे. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला 25 टक्के, तक्ते हातात आल्यावर 35, आणि उरलेले 40 टक्के सल्लागार निघून गेल्यावर महिनाभर ती पद्धत त्याच्याविना चालली तरच. तक्ते एक्सेलमध्ये, सूत्रांसकट मिळावेत. पीडीएफ दिली तर मासळीचा भाव बदलला की पुन्हा त्यालाच फोन करावा लागतो. आणि एक वाक्य आवर्जून घालावे: सुचवलेल्या यंत्र, सॉफ्टवेअर किंवा पुरवठादाराकडून सल्लागाराला कमिशन मिळत असेल तर तो ते लेखी कळवील. हे वाक्य घालायला जो का-कू करतो, त्याच्या मशिनच्या शिफारशीवर विश्वास ठेवू नये.

ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्यांबाबत अधिक सावध राहावे. टक्केवारीवर काम करणारी ही सेवा गेस्ट हाऊसच्या मालकाला सोयीची वाटते, कारण आधी खिशातून काही जात नाही. पण टक्केवारी कशावर, हे विचारावे. बुकिंग साइटचे कमिशन कापण्याआधीच्या रकमेवर असेल तर मालकाकडून दोनदा कापले जाते. थेट फोनवर येणारे जुने पाहुणेही त्यात धरले असतील तर ज्या बुकिंगशी या सेवेचा संबंध नाही त्याचेही पैसे जातात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा जे वाढले त्यावरच टक्केवारी, अशी अट घालता येते. सर्व खाती मालकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर उघडलेली असावीत. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर मुख्य मालक तुम्ही आणि सल्लागार फक्त व्यवस्थापक, असे ठेवता येते. तसे नसेल तर बिनसल्यावर वर्षानुवर्षांचे पाहुण्यांचे अभिप्राय त्याच्या ताब्यात राहतात. डिजिटल सहीचे टोकन (संगणकाला लावायचे पेन ड्राइव्हसारखे साधन) सल्लागाराच्या टेबलावर ठेवून येण्याची सवय तर आजच मोडावी. त्या टोकनने केलेली सही कायद्याने तुमचीच असते.

काम फसते ते बहुधा स्वयंपाकघरात किंवा कारखान्याच्या मजल्यावर. बाहेरचा माणूस काटा घेऊन उभा राहिला की वीस वर्षे काम करणाऱ्या आचाऱ्याला आपल्यावर चोरीचा संशय घेतला असे वाटते. मग वजने चुकीची लिहिली जातात आणि सगळा तक्ता खोटा ठरतो. म्हणून सल्लागार यायच्या आधी मालकाने स्वतः आचाऱ्याशी बोलावे, वजनाची वही त्याच्याच हातात द्यावी, आणि वाचलेल्या पैशातला वाटा त्यालाही मिळेल हे सांगावे आणि पाळावे. ज्या सल्लागाराने पहिल्या भेटीत मालकाच्या केबिनमध्येच दोन तास घालवले आणि आत पाऊल टाकले नाही, त्याला दुसऱ्या भेटीचे पैसे देऊ नयेत.