कानातला मॉनिटर की पायाशी स्पीकर?
गाण्याच्या कार्यक्रमानंतर गळा बसला की दोष थंड पाण्याला. खरा गुन्हेगार बऱ्याचदा वेगळाच असतो: स्टेजवर स्वतःचा आवाज नीट ऐकू न येणं. गोंगाटात माणूस नकळत जोर लावतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच मांडलं होतं.

स्वतःचा आवाज ऐकायला गायकाकडे दोन पर्याय: पायाशी ठेवलेला स्पीकर किंवा कानातला मॉनिटर, म्हणजे कानात घालायचा इअरफोन. स्पीकर मोकळा वाटतो. दाद ऐकू येते, साथीदारही. पण ड्रमशेजारी उभं राहिलात की ‘माझा आवाज वाढवा’ सुरू. वाढवला की माइक शिट्टी मारतो, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत मानेच्या शिरा ताठ.

कानातल्या मॉनिटरमध्ये हळू गायलं तरी सूर स्पष्ट कळतो, त्यामुळे स्वरतंतूंवर ताण कमी. सुरुवातीला मात्र पाण्याखाली गातोय असं वाटतं. मग बरेच जण एक बाजू काढून ठेवतात. ही सवय वाईटच, कारण उरलेल्या कानात आवाज वाढवला जातो आणि इजा कानाला होते. त्यापेक्षा श्रोत्यांकडे तोंड करून एक माइक लावावा, त्याचा आवाज मॉनिटरमध्ये थोडा मिसळून घ्यावा.

दोन-तीन साथीदारांच्या छोट्या कार्यक्रमात मी स्पीकरच घेईन. पूर्ण बँड आणि सलग तीन रात्री असतील, तर कानातलाच; साउंड चेकला वेळ काढून.