आईच्या मुखत्यारपत्राचं काम करणाऱ्या वकीलबाईंबद्दल

आईने आम्हा तिघा भावंडांच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी), म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, केलं, त्याला दीड वर्ष झालं. ते करून देणाऱ्या वकीलबाईंबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. परवा मैत्रिणीने विचारलं, "तिघांच्या सह्या, तिघांची मतं, कसं निभावता गं?" म्हणून आज बसले.

पहिला अनुभव वाईट होता, तो आधी सांगते. खुब्याचं हाड मोडल्यावर आईला केअर सेंटरमध्ये ठेवावं लागलं. त्या गडबडीत दुसऱ्याच एका ऑफिसातून छापील नमुन्यावर आम्ही पॉवर ऑफ अॅटर्नी करून घेतली. तिघांची नावं आणि पुढे 'एकत्रितपणे' हा शब्द. वाचला सगळ्यांनी, अर्थ कुणीच विचारला नाही. दोन महिन्यांनी धाकटी बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली आणि तिच्या सहीवाचून आईचं बिल अकरा दिवस अडकलं. केअर सेंटरचे फोनवर फोन. बँकेच्या दारात दादा माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर. संध्याकाळी आई विचारत होती, "काही झालंय का गं?" मी "काही नाही" म्हटलं. ते अजून मनाला लागून आहे.

वकीलबाईंनी तो कागद पाहिला आणि त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. एकत्रितपणे म्हणजे प्रत्येक कामाला तिघांच्या सह्या. 'एकत्र किंवा स्वतंत्रपणे' असं असतं, तर कुणा एकाचीही चालली असती. शिवाय नुसत्या एकत्रित पत्रात एखादा मुखत्यार वारला किंवा अंथरुणाला खिळला, तर सगळं पत्रच ठप्प होऊ शकतं. हे ऐकून दादा एकदम गप्प झाला. त्यालाच हृदयाचा त्रास आहे.

नव्या पत्रात त्यांनी कामांची विभागणी केली. महिन्याचं बिल, औषधं, रोजचा खर्च याला तिघांपैकी कुणाचीही सही पुरते. घर विकायचं किंवा ठेव मोडायची तर तिघांच्याही लागतात. आणि आमच्यापैकी एक जण काम करू शकला नाही, तर उरलेल्या दोघांनी पुढे चालवायचं, हे वेगळं कलम.

पण मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला तो केअर सेंटरमध्ये. आईशी बोलायला त्या स्वतः आल्या आणि आम्हा तिघांना खोलीबाहेर जायला सांगितलं. दादाला ते खटकलं. "आम्ही काय परके आहोत?" तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "अधिकार त्या देणार आहेत. त्यांच्या मनात काय आहे, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय." पाऊण तास दार बंद होतं. घराबद्दलची तिघांच्या सह्यांची अट आईनेच घातली होती, हे आम्हाला नंतर कळलं. दुसरी अटही तिचीच: "दर महिन्याचा हिशेब मला वाचून दाखवायचा."

सहीच्या दिवशी तिचा हात थरथरत होता. पहिलं अक्षर काढून तिने पेन उचललं, बोटं चादरीला पुसली, परत धरलं. कुणी घाई केली नाही. पूर्ण नाव लिहिलं तिने, मधलं नावसुद्धा गाळलं नाही.

"पुढे आईला समजेनासं झालं तर?" हे धाकटीने विचारलं. आईचं डोकं आज लख्ख आहे, पण हा प्रश्न सगळ्यांनी विचारायलाच हवा. कायदा जागेप्रमाणे बदलतो. भारतात 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते आणि मग कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या मानसिक क्षमता कायद्याखाली केलेलं आणि रीतसर नोंदवलेलं खास पत्र त्यानंतरही चालतं. म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू आहे हे आधी विचारा, आणि आई-वडील शुद्धीत, हुशारीत असतानाच विचारा. आईच्या पश्चात हा कागद उपयोगाचा नाही आणि तिच्या वतीने मृत्युपत्र आपण करू शकत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

हिशेबाची वही ही त्यांचीच सूचना. आईचे पैसे आपल्या खात्यात मिसळायचे नाहीत, पावती वहीतच चिकटवायची. शेवटचा रकाना 'कुणाकुणाला कळवलं' असा. दादाने आईसाठी हवेची गादी आणली आणि सांगायचं विसरला, तेव्हा धाकटीला वाटलं पैसे कुठे गेले. वहीत पावती होती. दोन मिनिटांत विषय मिटला.

तक्रारीही आहेत. कामाला पाच आठवडे लागले, आणि आईचं बिल डोक्यावर असताना ते फार वाटले. एक कलम तर सात ओळींचं, मध्ये पूर्णविराम नाही. आईला समजेल अशा सोप्या मराठीतली प्रत दोनदा मागितल्यावर मिळाली. साक्षांकित प्रती दोनच दिल्या. बँक, केअर सेंटर, विमा कंपनी, प्रत्येकाला वेगळी हवी असते, हे त्यांना ठाऊक असणारच. तुम्ही निदान पाच-सहा आधीच मागून घ्या.

तरी पाचपैकी चार गुण मी मनापासून देते. गेल्या रविवारी वही वाचताना आईने मला मध्येच थांबवलं. "कापसाची गुंडाळी दोनदा कशी लागली?" मी पावत्या पाहिल्या. एकच पावती दोनदा चढली होती. ती ओळ मी तिच्यासमोर खोडली आणि तिथे तिची सही घेतली.