संगीतकार बापाची प्रेमकथा: वाचावी की ऐकावी?

एकट्याने लेकरू वाढवण्याची वेळ आलेल्या संगीतकाराची आजच्या काळातली प्रेमकथा छापील पुस्तकात वाचावी की ऑडिओबुकमध्ये ऐकावी, असे विचारले तर माझा कौल ऐकण्याकडे आहे. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन तो आपलेच गाणे पट्टी उतरवून, शब्द गाळून नुसते गुणगुणतो, तेव्हा छापील पान ‘तो गुणगुणला’ एवढेच सांगू शकते; चांगल्या निवेदकाच्या आवाजात मात्र त्याचा थकवा, अडखळलेला श्वास आणि बाळ निजल्यावरचा विसावा कानाला कळतो. खानदेशाला हे परके नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आधी ओठांवर होत्या, पुस्तकरूपाने त्या १९५२ मध्ये आल्या.

मिनिटाला सुमारे १५० शब्द या गतीने ९०,००० शब्दांच्या कादंबरीला दहा तास लागतात. डोळ्यांनी ती लवकर संपते, हे खरे. पण केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासताना किंवा जळगाव-धुळे एसटीच्या धक्क्यांत पुस्तक उघडता येत नाही.

नायिकेचे पत्र चार वेळा वाचावेसे वाटले, तर मात्र पुस्तकच हवे. नायक आणि नायिकेची प्रकरणे दोन निवेदकांनी वाचलेली असली, तर ऐकण्याची गोडी वाढते. एकाच निवेदकाने ओढूनताणून बायकी आवाज काढला की रसभंग होतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी नमुना जरूर ऐकावा.