‘सँडबॉक्सबाहेर चालवा’ म्हणाला, आणि मी चालवलं

एकूण ४८,३४९ रुपये गेले. त्यातले १,४९९ मी आपल्या हाताने यूपीआयवर दिले, ‘लायसन्स’ म्हणून. बाकीचे २८,६४० आणि १८,२१० रात्री दोननंतर कार्डावरून उडाले. जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर, दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायची जत्रेची पत्रिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोड बोलणारा विक्रेता. पुढचं काय ते ओळखीचंच आहे.

पण मी काही आंधळेपणाने डबल-क्लिक केलं नव्हतं. प्रोग्राम सँडबॉक्सी-प्लसमध्येच उघडला होता. हा सँडबॉक्स, म्हणजे अनोळखी प्रोग्राम बाकीच्या मशीनपासून वेगळा ठेवून चालवायची पेटी. खिडकीभोवती पिवळी चौकट होती, शीर्षकात हॅशची खूण होती. तेवढ्यात संदेश आला: ‘व्हर्च्युअल सिस्टीम आढळली, लायसन्स सुरू होणार नाही.’ विक्रेता म्हणाला, “सर, सँडबॉक्सबाहेर चालवा आणि डिफेंडर पाच मिनिटं बंद ठेवा.” डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस.

तिथेच थांबायला हवं होतं. सँडबॉक्सी प्रत्येक प्रोग्रामात आपली एक डीएलएल (मदतनीस फाइल) घालते, आणि चोर प्रोग्राम आधी तीच शोधतो, म्हणजे आपण पेटीत आहोत हे त्याला कळतं. माझी समजूत अशी झाली की जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालायची, डोंगलचा ड्रायव्हर सँडबॉक्समध्ये चढत नाही, तेव्हा बाहेर चालवायला सांगणं रास्तच आहे. पण इथे डोंगल होता कुठे? साधा कन्व्हर्टर, त्याला माझं मशीन खरं आहे की खोटं याच्याशी काय देणंघेणं?

आणि त्याच्याही आधीची गोष्ट, जी आठवली की अजून कान तापतात. झिप होती ११ एमबीची. उघडली तर आत ७४२ एमबीची एक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल! फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामला इतका आकार कशाला? आत नुसती शून्यं भरलेली असतात, ती दाबली की नाहीशी होतात. व्हायरसटोटल ही फाइल तपासणारी साइट ६५० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, म्हणून ही फुगवाफुगवी. झिपला पासवर्डही त्याचसाठी: अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. मी आकडा पाहिला, फाइल ‘मोठी आहे’ म्हणून तपासणी सोडून दिली.

चोरीला पासवर्डही लागला नाही. ब्राउझरमधल्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलल्या की चालू असलेलं लॉगिन जसंच्या तसं त्यांच्याकडे जातं, ओटीपी विचारला जात नाही. माझं एक जाहिरातींचं खातं परदेशी साइटवर होतं, कार्ड त्याला जोडलेलं. परदेशी व्यापाऱ्याला ओटीपीची सक्ती नसते. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये एका बटणाने बंद होतात, आत्ताच करा.

प्रोग्राम सँडबॉक्सच्या आत ठेवला असता तरी मी पूर्ण वाचलो असतो, असंही नाही. सँडबॉक्सीची साधी पेटी लिहिणं अडवते, वाचणं नाही. आतल्या प्रोग्रामला तुमच्या डिस्कवरच्या बहुतेक फाइली दिसतात, आणि नेटही खुलं असतं. म्हणून पेटीच्या सेटिंगमध्ये इंटरनेट बंद करा आणि ब्राउझरच्या प्रोफाइलचं फोल्डर ‘क्लोज्ड’ यादीत टाका. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स बरा: तो वेगळंच कोरं विंडोज उघडतो, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. पण रॅम किमान ४ जीबी लागते (८ असली तर सुखाने चालतो), बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं, आणि नेट व क्लिपबोर्ड तिथेही मुळात चालूच असतात. डब्ल्यूएसबी फाइल (विंडोज सँडबॉक्सची सेटिंगची फाइल) लिहून दोन्ही बंद करा. होम आवृत्तीत हे मिळतच नाही, आणि घरोघरी असते ती होमच.

आता साहेबांची कथा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला सकाळी फोन लागला, पोचक्रमांक मिळाला, तेवढंच समाधान. बँकेच्या कॉल सेंटरने सांगितलं, “आधी कॉम्प्युटर फॉरमॅट करा.” केला. म्हापशाहून पणजीला तीन खेपा झाल्या, त्यातल्या एकीत हवालदार म्हणाला, “हें आमचें काम न्हय, तुमी थंय वचात” (हे आमचं काम नाही, तुम्ही तिकडे जा). ‘थंय’ गेलो, तर तिथे विचारलं, ती एक्सई कुठे आहे? फॉरमॅटमध्ये गेली! सी ड्राइव्हवरचं सँडबॉक्स फोल्डर आणि ती झिप पेनड्राइव्हवर ठेवली असती तर पुरावा हातात होता. तुम्ही तरी आधी कॉपी काढा. आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, ‘सर्व ठिकाणांहून साइन आउट’ करून. नाहीतर चोरलेली कुकी काही काळ चालूच राहते.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: ग्राहकाचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. तो कागद काउंटरवर ठेवला. साहेबांनी तो उलटा करून त्यावर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.