पहिली दुर्बीण: ७० मिमीची लेन्सवाली की ६ इंची डॉब?

बहुतेकांची गाडी याच दोन ऑप्शनवर अडते. एक ७० मिमी लेन्सची, ट्रायपॉडवर बसणारी, आणि दुसरी १५० मिमी म्हणजे ६ इंची आरशाची डॉबसोनियन, जिला सगळे नुसतं डॉब म्हणतात. मी दोन्ही वापरल्यात. पण कुठली घ्यायची हे सांगायच्या आधी मी एकच विचारतो, पहिल्या चार-पाच रात्री तुमच्या शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी जाणकार मिळणारे का? माझं उत्तर त्यावरच फिरतं.

आधी नुसतं काय दिसतं ते बघू. प्रकाश किती गोळा होणार हे व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे १५० वाली ७० पेक्षा साधारण साडेचार पट जास्त प्रकाश घेते. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी हे दोन्हीत दिसतं. (शनीची कडी बारीक दिसली तर दुर्बिणीला शिव्या घालू नका, मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला बरोब्बर कडेने दिसत होती, आता हळूहळू उघडतायत आणि २०३२ च्या आसपास सगळ्यात जास्त उघडलेली दिसतील.) फरक कळतो तो फिक्या गोष्टींत. शौरी तारकासमूहातला एम १३ हा तारकागुच्छ ७० मध्ये नुसता धुरकट ठिपका असतो, डॉबमध्ये अंधाऱ्या जागेवरून त्याच्या कडेचे तारे सुटे व्हायला लागतात आणि तेव्हा अंगावर काटा येतो. फोटोतले रंग मात्र दोन्हीत नाहीत, देवयानी दीर्घिका धूसरच दिसणार.

पण डॉब सगळीकडे जिंकते असं नाही हं. २५ मिमीचा आयपीस (डोळा लावायची, बदलता येणारी लेन्स) लावला की ७०० मिमी फोकल लेंग्थच्या (लेन्सपासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, त्याला आयपीसच्या मिमीने भागलं की पट) छोटीत २८ पट मोठं दिसतं आणि १२०० मिमीच्या डॉबमध्ये ४८ पट. त्यामुळे आख्ख्या कृत्तिका छोटीत जेमतेम का होईना मावतात, डॉबमध्ये कडेचे तारे बाहेर जातात. बॉक्सवर ५२५ पट वगैरे छापलेलं असतं ते सोडून द्या, व्यासाच्या मिमीच्या दुप्पट, म्हणजे ७० ला १४० पट, त्यापुढे सगळं फुगलेलं आणि अंधुक.

लेन्सवालीचा खरा वीक पॉइंट लेन्स नाही, ट्रायपॉड आहे. फोकसचा नॉब नुसता धरला तरी गुरू नाचायला लागतो. डॉब जमिनीवर लाकडी पेटीत बसते, हलत नाही, पण वजन १५ किलोच्या घरात, नळी मीटरभरापेक्षा लांब, आणि जिने उतरून न्यायची असेल तर आठवड्यातून किती वेळा न्याल ते आत्ताच खरं खरं ठरवा. शिवाय आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो.

आता शिकण्याचा मुद्दा. माझ्या डॉबमध्ये दोन महिने गुरू भुरकट दिसत होता, मी धरून चाललो होतो की आरसाच खराब निघाला. एकदा आकाशदर्शनाला एक अनुभवी काका भेटले, त्यांनी एका ताऱ्यावर लावून फोकस जरा बिघडवला आणि म्हणाले, "बघ, मधला काळा ठिपका एका बाजूला सरकलाय." मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवले, ठिपका मधोमध आला, पाच मिनिटांत काम झालं! याला, म्हणजे आरसे एका रेषेत आणण्याला, कॉलिमेशन म्हणतात, मी त्याबद्दल तीनदा वाचलेलं होतं आणि तरी कळलं नव्हतं. फिक्या वस्तूकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवायची हे पण त्यांनीच सांगितलं. आणि मृगाच्या पोटातल्या बाणाची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे रोहिणी आणि पुढे कृत्तिका, हे तर हात धरून दाखवलं. डॉबमध्ये हे लागतंच कारण ती हाताने ढकलायची, १२० पटीवर ग्रह पावणेदोन मिनिटांत या कडेपासून त्या कडेला निघून जातो.

तसं बघितलं तर डॉबचा जन्मच लोकांना दाखवण्यासाठी झालाय. जॉन डॉबसन हा सॅन फ्रान्सिस्कोमधल्या वेदांत मठात संन्यासी होता, मठ सुटल्यावर घरी बनवलेल्या दुर्बिणी फुटपाथवर लावून जाणाऱ्या-येणाऱ्यांना चंद्र दाखवायचा, १९६८ मध्ये त्यातूनच तिथला ग्रुप उभा राहिला.

तर शिकवणारं कोणी असेल तर डॉब, डोळे झाकून. फक्त जाणकारांची एक खोड लक्षात ठेवा, ते म्हणणार "६ कशाला, ८ इंचीच घे", तेव्हा उचलणार कोण हे त्यांना विचारा. घ्यायच्या आधी एक रात्र त्यांच्याच दुर्बिणीतून बघा.

एकटेच असाल तर ७० वाली, कॉलिमेशनची कटकट जवळपास नाही. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाच लांबच्या टॉवरच्या टोकावर जुळवून घ्या, सूर्यापासून लांबच्या दिशेला, मी पहिल्याच रात्री ते न करता बसलो आणि तासभर काळोख बघत होतो. आयपीसला लावायचा छोटा सन फिल्टर सोबत आला असेल तर फेकून द्या, उष्णतेने तडकला तर डोळा जाईल.

ऑटोमॅटिक शोधणारी गो-टू? बऱ्याच मॉडेल्सना सुरुवातीला दोन ठळक तारे तुम्हीच दाखवून द्यावे लागतात, अभिजित कुठला हेच माहीत नसेल तर मशीन तरी काय करणार.

आणि अजूनही ठरत नसेल तर १० बाय ५० चा (१० पट, ५० मिमी लेन्सचा) बायनॉक्युलर घ्या, कृत्तिका त्यात या दोघींपेक्षा भारी दिसतात.