सँ-व्हेराँ की बोनव्हाल? आल्प्समधलं एकच गाव निवडायचं तर

फ्रान्सच्या आल्प्समधल्या एखाद्या डोंगरी गावात आठवडाभर ठिय्या मारून राहायचं, रोज नवं ठिकाण गाठत पळायचं नाही, असं घरात ठरलं तेव्हा चाळणीतून शेवटी दोन नावं उरली: केरास भागातलं सँ-व्हेराँ आणि वरच्या मोरियेन खोऱ्यातलं बोनव्हाल-सुर-आर्क. दोन्ही गावं फ्रान्सच्या ‘सर्वांत सुंदर गावां’च्या यादीत आहेत. दोन्हीकडे वस्ती जेमतेम दोन-अडीचशेची, दोन्हीकडे गाडी वेशीवर ठेवून पायी आत जायचं, आणि पाठीशी इटलीची हद्द. फोटो बघून निर्णय होत नाही. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि हल्ली ग्रनोबलहून सुट्टीला निघालो की एकाच बाजूला वळतो. ते का, हे सांगतो. तुमचं मन दुसरीकडे वळलं तर त्यालाही सबळ कारणं आहेत, तीही सांगतो.

आधी जमीन बघू. सँ-व्हेराँ २०४२ मीटरवर, दक्षिणेकडे तोंड करून उतारावर लांबट पसरलेलं आहे. एग ब्लाँश हा ओढा बराच खाली राहतो आणि समोरचा थंड उतार लार्च या सूचिपर्णी झाडांच्या रानाने भरलेला आहे. बोनव्हाल साधारण १८५० मीटरवर, पण खोऱ्याच्या तळाशी, आर्क नदीच्या अगदी काठावर. आजूबाजूला झाडं विरळ. या फरकातूनच दोन्हीकडची घरं घडली आहेत.

सँ-व्हेराँत लाकूड हाताशी, म्हणून तळमजला दगडी आणि त्यावर लार्चचे अख्खे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. दक्षिणेच्या अंगाला एकावर एक सज्जे. ते शोभेचे नव्हेत. इथला उन्हाळा इतका आखूड की धान्य शेतात पुरतं पिकत नसे; ते तसंच कापून या सज्ज्यांवर आणायचं आणि उन्हात पिकू-वाळू द्यायचं. हिवाळाभर माणसं आणि गुरं तळमजल्यावर एकत्र राहत, कारण गुरांच्या अंगाची ऊब हीच मोठी शेगडी होती. १६४१ सालचं ‘ल सूम’ हे घर आता संग्रहालय आहे, तिथे ही सगळी मांडणी जागेवर बघायला मिळते. बाहेर आल्यावर एखाद्या जुन्या ओंडक्यावर तळहात ठेवून बघा. शतकांच्या उन्हाने लाकूड जवळजवळ काळं पडलंय, बोट जाईल एवढे तडे गेलेत, आणि भर दुपारी त्या तड्यांतून अजून राळेचा वास येतो.

अशा गावाला आगीचं भय कायमचं. म्हणून सँ-व्हेराँ सलग नाही. वेगवेगळ्या आळ्या, आणि दोन आळ्यांमध्ये मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, म्हणजे एक पेटली तरी दुसरी वाचावी. प्रत्येक आळीला लाकडी डोणीचं स्वतःचं पाणी. गाव पायी फिरताना मधेच घरं संपतात आणि पुन्हा सुरू होतात, त्याचं कारण हे.

बोनव्हालला लाकूड नाही, म्हणून तिथे सगळा कारभार दगडाचा. जाड भिंती, छपरावर जड सपाट शिळा, घरं एकमेकांना खेटून. जळण काय? गोठ्यात मेंढ्यांनी हिवाळाभर तुडवून घट्ट केलेल्या खताच्या विटा कापायच्या आणि सज्ज्यावर रचून वाळवायच्या. माझे वडील साताऱ्याकडच्या खेड्यातले. ती रचलेली थप्पी बघून ते थबकलेच, म्हणाले, ‘‘ही तर आपल्या गोवऱ्यांची हुडवी!’’ त्यानंतर त्या गावाशी त्यांचं जे जुळलं ते सँ-व्हेराँशी कधी जुळलं नाही, हेही नोंदवतो.

इतिहासात मात्र दोघांचे रस्ते पार वेगळे. सँ-व्हेराँ दोफिने प्रांतातलं. १३४३ साली पैशांची गरज पडलेल्या दोफँकडून, म्हणजे या प्रांताचा अधिपती अंबेर दुसरा याच्याकडून, ब्रियाँसाँ परिसरातल्या डोंगरी लोकांनी १२,००० फ्लोरिन रोख आणि दरवर्षी ४,००० दुकात एवढ्या बोलीवर आपले हक्क विकत घेतले: आपले प्रतिनिधी आपण निवडायचे, परवानगीवाचून सभा भरवायची, कराची वाटणी आपणच करायची. खोऱ्यांचे पाच गट झाले, त्यांना एस्कार्तों म्हणत. केरास हा त्यांतला एक. १७१३ च्या युट्रेक्टच्या तहात डोंगरापलीकडचे तीन गट शेजारच्या सव्हॉय राज्याच्या ड्यूककडे गेले, उरलेल्यांचे हक्क फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकले. हिशेब आपला आपण ठेवायचा म्हणजे लिहिता-वाचता यायलाच हवं. त्यामुळे या भागातून शिक्षकच बाहेर पडत. हिवाळ्यात खालच्या मुलखातल्या जत्रांमध्ये ते टोपीत पिसं खोवून उभे राहत: एक पीस म्हणजे लिहायला-वाचायला शिकवतो, दोन म्हणजे हिशेबही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. २००० मीटरवरच्या शेतकऱ्यांची ही कमाई मला कोणत्याही किल्ल्यापेक्षा मोठी वाटते. केरासमध्ये प्रोटेस्टंटही पुष्कळ होते. १६८५ मध्ये राजाने त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर कित्येकांनी देश सोडला, तरी सँ-व्हेराँत कॅथलिक चर्चबरोबर प्रोटेस्टंटांचं प्रार्थनामंदिर आजही आहे.

बोनव्हाल त्या काळात फ्रान्समध्ये नव्हतंच. ते सव्हॉयचं, म्हणजे पुढे आजच्या इटलीतल्या तोरिनोहून चालणाऱ्या राज्याचं. फ्रान्समध्ये आलं १८६० साली. १६९२ मध्ये सव्हॉयचा ड्यूक एम्ब्राँ आणि गॅप या फ्रेंच गावांपर्यंत घुसला, तेव्हा ही दोन गावं शत्रुपक्षांत होती. त्या स्वारीनंतर फ्रान्सचा किल्लेबांधणीतला तज्ज्ञ व्होबाँ याने केरासच्या तोंडाशी माँ-दोफँचा किल्ला बांधायला घेतला.

पण बोनव्हालची खरी गोष्ट विसाव्या शतकातली आहे आणि ती ऐकून त्या गावाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. जून १९५७ मध्ये वितळता बर्फ आणि इटलीकडून आलेला पाऊस एकदमच कोसळला. केरासमध्ये गील नदीने आणि मोरियेनमध्ये आर्कने हाहाकार केला. उंचावरचं सँ-व्हेराँ नदीपासून दूर होतं, नदीकाठचं बोनव्हाल मात्र तडाख्यात सापडलं. तरुण आधीच गाव सोडत होते, आता गावच उठणार अशी वेळ आली. आदल्याच वर्षी महापौर झालेले झिल्बेर आंद्रे यांनी लोकांना थांबवून धरलं. गाव पुन्हा उभं राहिलं ते जुन्याच रूपात: विजेच्या नि टेलिफोनच्या तारा जमिनीखाली, छपरांवर अँटेना नाही. १९६३ मध्ये व्हानवाझ हे फ्रान्सचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागेही याच माणसाची धडपड होती.

इतकं सगळं असूनही मी सँ-व्हेराँकडे का वळतो? एका आवाजामुळे.

बोनव्हालवरून इझराँ खिंडीचा रस्ता जातो. २७६४ मीटरची ही खिंड, १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लब्रँ यांच्या हस्ते रस्ता खुला झाला, आणि जिनिव्हाच्या तळ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या आल्प्स मार्गावरचा तो सर्वांत उंच टप्पा. उन्हाळ्यात खिंड उघडली की मोटारसायकलींचे जथे येतात. गावाला लागूनच पहिली चढण सुरू होते, तिथे गिअर उतरवला जातो, आणि तो आवाज दगडी खोऱ्यात भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो. एक जथा वर जाऊन विरतो न विरतो तोच दुसरा खालून येतो. खिडकी लावली तर उकडतं, उघडली तर बोलणं तुटतं. आई दुपारी जरा पडायची, तिला डोळा लागेना. ज्या गावाने डोळ्यांना खुपणारी एकूण एक तार पुरून टाकली, तिथे कानांवर हा मारा व्हावा याचं मला मनापासून वाईट वाटलं. रात्री सगळं शांत होतं हे खरं, आणि कुणाला या आवाजाचं काहीच वाटणारही नाही.

सँ-व्हेराँला रस्ता संपतो, पुढे डांबर नाही. २७४४ मीटरच्या आन्येल खिंडीकडे जाणारे मोटारसायकलवाले खालच्या मोलीन गावाशी फुटून दुसऱ्या खोऱ्यात शिरतात. इथे दुपारी ऐकू येतं ते डोणीत पडणारं पाणी आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा. माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

तरीही बोनव्हाल कुणी घ्यावं? ज्यांना हिमनद्या जवळून बघायच्यात त्यांनी, कारण सँ-व्हेराँच्या आसपास त्या नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीही. तिथे गाव आटोपशीर आहे, तर सँ-व्हेराँत पावासाठी निघालं तरी चढ-उतार आणि वर २००० मीटरची धाप. पहिले दोन दिवस वडीलधाऱ्यांनी तिथे सावकाशच घ्यावं. आणि जे हिवाळ्यात जाणार त्यांनी: इझराँ बंद असते, बोनव्हालच रस्त्याचं शेवटचं गाव होतं आणि माझी तक्रार आपोआप मिटते. फक्त हिमस्खलनाच्या भीतीने खालच्या बेसाँ गावाकडचा रस्ताही कधी बंद करतात, तेव्हा परतीचं तिकीट अगदी काटेकोर काढू नका.

उन्हाळ्यात सँ-व्हेराँ ठरलं तर पॅरिसहून ब्रियाँसाँला जाणारी रात्रीची रेल्वे घेऊन माँ-दोफँ–गिएस्त्रला उतरा आणि तिथून बस घ्या. खोली घेताना दक्षिणेचा सज्जा आहे का एवढं विचारा. एक दिवस क्लोझीच्या चॅपलपर्यंतच्या चालीसाठी राखा. ते सुमारे २४०० मीटरवर आहे आणि त्याच बाजूला डोंगरात कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे, साधारण ४००० वर्षांपूर्वीची. आकाश निरभ्र असेल तर त्या रात्री लवकर झोपू नका. इथलं आकाश काळंभोर असतं आणि गावाच्या डोक्यावर २९३० मीटरवर वेधशाळाही आहे.